शेफील्डचे विणकाम

ज्या संगीताची चर्चा त्याच्या स्वरांपेक्षा ते वाजवणाऱ्यांच्या केशसंभारावरून अधिक झाली, ज्याच्या गायकांची नावे विस्मृतीत गेली तरी त्यांच्या डोळ्यांतले काजळ आणि अंगाला चिकटलेले चकचकीत पोशाख लोकांच्या स्मरणात राहिले, आणि जे जवळजवळ दशकभर अमेरिकेच्या बाजारावर अंमल गाजवून, १९९१ च्या सप्टेंबरात ‘निर्वाणा’ या बँडची ‘नेव्हरमाइंड’ ही ध्वनिमुद्रिका निघाल्यावर दोन-तीन वर्षांच्या आत तेथून बरखास्त झाले, त्या ‘ग्लॅम मेटल’ नामक संगीताविषयी गांभीर्याने लिहिण्याची तजवीज सोलापुरातून व्हावी, हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. मला ते तसे वाटत नाही. उलट त्या संगीतातली जी एक ध्वनिमुद्रिका मी सर्वांत थोर मानतो, ती नीट ऐकण्यासाठी गिरणीच्या गावचा कान असणे उपकारकच आहे, असे माझे पुष्कळ वर्षांच्या श्रवणानंतरचे मत आहे. ती ध्वनिमुद्रिका म्हणजे ३ ऑगस्ट १९८७ रोजी प्रसिद्ध झालेली, इंग्लंडमधील ‘डेफ लेपर्ड’ या बँडची ‘हिस्टीरिया’.

प्रथम ती आमच्यापर्यंत कशी आली हे सांगितले पाहिजे, कारण येण्याच्या रीतीवर ऐकण्याची रीत अवलंबून असते. १९८७ साली आपल्या देशात दूरदर्शन ही एकच दूरचित्रवाणी होती; ज्या एमटीव्हीच्या जोरावर लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरले मॉटली क्रू, रॅट, पॉयझन यांसारखे बँड घरोघरी पोहोचले, ते एमटीव्ही भारतात अवतरले १९९१ मध्ये, उपग्रहावरून. तेव्हा सोलापूरच्या तरुणाला हे संगीत मिळाले ते कॅसेटमधून, आणि ती कॅसेटही बहुधा मूळची नव्हे. पुण्या-मुंबईला शिकायला गेलेला कोणी थोरला भाऊ, कोणी आत्तेभाऊ सुट्टीत सिद्धेश्वर एक्सप्रेसने परतताना रिकाम्या कॅसेटवर उतरवून आणी, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी प्रत निघे, आणि प्रत्येक प्रतीगणिक फितीची खरखर थोडी वाढे. वेष्टनावर चित्र नसे. असे ते निळ्या शाईतले हस्ताक्षर. परिणाम असा की, जे संगीत मुख्यतः पाहण्यासाठी घडवले गेले असा त्याच्यावर आक्षेप आहे, ते आम्ही न पाहता ऐकले. गायकाचे केस केवढे आहेत, त्याने चोळणा कसला घातला आहे, यांतले काहीही आम्हांला ठाऊक नव्हते. ठाऊक होता तो केवळ नाद, आणि तो नाद इतर कोणाही बँडच्या नादापेक्षा वेगळा, दाट, प्रशस्त आणि अनेकपदरी आहे एवढे कळण्यापुरती अक्कल पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना असते.

डेफ लेपर्ड हे ग्लॅम मेटलचे की नाही, याविषयी त्या शास्त्राच्या पंडितांत वाद आहे. त्यांचा उदय १९७९-८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये उसळलेल्या नव्या हेवी मेटलच्या लाटेत झाला, आणि त्यांच्या गायकाची, जो एलियटची, खरी भक्ती सत्तरीच्या दशकातल्या टी. रेक्स, स्वीट, डेव्हिड बोवी या नटव्या ब्रिटिश परंपरेवर होती. ‘रॉकेट’ या गाण्यात त्याने त्या परंपरेची नावानिशी वंदना केली आहे. मी या वादात शिरत नाही. आडातले पाणी पोहऱ्यात आले की त्याला नाव कोणते द्यायचे याची निकड तहानलेल्याला नसते.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यांचे गाव. शेफील्ड हे पोलादाचे नगर आहे. हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली न गंजणारे पोलाद सिद्ध केले ते येथेच, आणि जगातल्या असंख्य घरांतल्या सुऱ्या-चमचे पिढ्यान् पिढ्या याच नगराची मुद्रा घेऊन गेले. १९७७ साली जी पोरे एकत्र आली ती याच नगरातल्या कामकरी वस्तीची: एलियट हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला, बास गिटार वाजवणारा रिक सॅव्हेज रेल्वेत उमेदवार, आणि नंतर येऊन मिळालेला स्टीव्ह क्लार्क एका यंत्रकारखान्यात लेथवर. त्यांनी तालमीसाठी जागा घेतली तीही एका जुन्या चमचे-कारखान्याच्या इमारतीत. १९८० च्या प्रारंभी इंग्लंडच्या पोलाद-कामगारांचा तीन महिन्यांचा संप झाला. त्याच वर्षी या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्या गावातल्या भट्ट्या एकामागून एक विझत गेल्या. बापाच्या कारखान्याचे दार मुलासाठी बंद होत असताना मुलाने गिटारीतून वाट काढली, ही हकीकत सोलापूरकराला समजावून सांगावी लागत नाही.

आमच्या गावाचे दप्तर वेगळे असले तरी मजकूर तोच आहे. १८७० च्या दशकात येथे ‘शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन झाली, तीच आमची जुनी मिल. तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्वभागात घरोघरी माग मांडले. भोंग्यावर गावाचा दिवस उगवे आणि मावळे. १९४९ च्या ऑगस्टात जुनी मिल बंद पडली तेव्हा हजारो कामगारांचा प्रश्न इतका गंभीर मानला गेला की, नवजात प्रजासत्ताकाने केवळ त्या एका कंपनीसाठी १९५० मध्ये स्वतंत्र कायदा करून तिचा कारभार आपल्या ताब्यात घेतला. एका भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लागलेला तो ‘चिरंजितलाल चौधरी’ निवाडा कायद्याचे विद्यार्थी समतेच्या हक्काच्या प्रकरणात आजही अभ्यासतात. एवढे करूनही गिरण्या वाचल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या बंद होत गेल्या, आणि जे कसब उरले ते यंत्रमागांच्या लहान शेडमध्ये, चादरीत आणि टर्किश टॉवेलात उरले. ज्या वर्षांत आमच्या हाती ती कॅसेट आली, त्या वर्षांत बदली कामगाराचा मुलगा वर्गात शेजारी बसत असे.

आता ‘हिस्टीरिया’च्या घडणीकडे वळतो, कारण या लेखाचा खरा विषय तो आहे.

१९८३ सालची त्यांची ‘पायरोमेनिया’ अमेरिकेत लक्षावधींनी खपली होती. तिचा निर्माता रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग, आजच्या झांबियात जन्मलेला आणि दक्षिण आफ्रिकेत वाढलेला, मुलाखती न देणारा, अतिशय काटेकोर मनुष्य. एसी/डीसीची ‘बॅक इन ब्लॅक’ त्याच्याच हातून झाली होती. पुढच्या ध्वनिमुद्रिकेविषयी त्याची महत्त्वाकांक्षा अशी की, मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’मधून जशी सात गाणी स्वतंत्रपणे गाजली तशी सात गाजू शकतील अशी रॉकची मुद्रिका करायची. एकही गाणे भरतीचे नसावे, हा त्याचा दंडक. १९८४ मध्ये मंडळी डब्लिनला जाऊन राहिली आणि रचना सुरू झाली. परंतु वर्षानुवर्षांच्या कामाने थकलेला लँग मध्येच बाजूला झाला. त्याच्या जागी मीट लोफच्या गाण्यांचा प्रख्यात रचनाकार जिम स्टाइनमन आला. त्याचे आणि बँडचे मुळीच जमले नाही, आणि त्याला मोबदला देऊन निरोप द्यावा लागला. त्याच्या काळातले ध्वनिमुद्रण बाजूला ठेवले गेले. मग मंडळींनी आपल्या बळावर काही महिने घालवले, तेही बहुतांशी वाया गेले, आणि अखेर लँगच परत आला. हॉलंडमधल्या हिल्व्हरसम येथील विसेलॉर्ड स्टुडिओत, डब्लिनमध्ये, इतरत्र असे हे काम तीन वर्षे चालले, आणि खर्च इतका चढला की निदान पन्नास लाख प्रती खपल्याशिवाय तो भरून येणार नाही, असा त्या वेळचा हिशेब ते लोक पुढे सांगत असत.

या सर्व विलंबाच्या मध्यभागी ती दुर्घटना आहे. ३१ डिसेंबर १९८४ रोजी शेफील्डजवळच्या रस्त्यावर ड्रम वाजवणाऱ्या रिक अ‍ॅलनची मोटार उलटली आणि त्याचा डावा हात खांद्यापासून तुटला. शल्यवैद्यांनी तो पुन्हा जोडला. परंतु जंतुसंसर्ग झाल्याने काही दिवसांनी काढून टाकावा लागला. त्याचे वय तेव्हा एकवीस होते. रुग्णालयातल्या खाटेच्या पायथ्याशी ठेवलेल्या मऊ फोमवर पायांनी ठेका धरता धरता त्याच्या ध्यानी आले की, ताल हाताला ठाऊक असतो हे अर्धसत्य आहे. तो देहाला ठाऊक असतो, आणि देहाजवळ दोन पाय शिल्लक आहेत. सिमन्स या इंग्रज कंपनीने त्याच्यासाठी विद्युत् ड्रमांचा संच तयार केला: डावा हात जे आघात करी ते आता डाव्या पायाखालच्या पट्ट्यांनी करायचे. सहकाऱ्यांनी त्याच्या जागी दुसरा कोणी नेमला नाही. राहायचे की जायचे हा निर्णय त्यांनी सर्वस्वी त्याच्या अखत्यारीत ठेवला. मला या ध्वनिमुद्रिकेच्या साऱ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. गिरणीत हात गमावलेल्या माणसाचे पुढे काय होई हे ज्यांनी गावात पाहिले आहे, त्यांना तिचे मोल अधिक कळेल.

१९८६ च्या ऑगस्टात आयर्लंडमध्ये लहान लहान कार्यक्रम ठरले. सावधगिरी म्हणून ‘स्टेटस क्वो’ या बँडचा जेफ रिच हा दुसरा ड्रमवादक सोबतीला बसवला होता. एके संध्याकाळी रिच वेळेवर पोहोचू शकला नाही आणि अ‍ॅलनने एकट्याने प्रारंभ केला. त्यानंतर सोबतीची गरज उरली नाही. त्याच महिन्याच्या १६ तारखेला डॉनिंग्टनच्या विशाल मैदानात ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ महोत्सवात एलियटने त्याचे नाव उच्चारले, तेव्हा उठलेला जनसमुदायाचा जयघोष हा त्या बँडच्या आयुष्यातला निर्णायक क्षण ठरला. ध्वनिमुद्रिकेचे ‘हिस्टीरिया’ हे नावही अ‍ॅलननेच सुचवले. अपघातानंतर त्याच्याभोवती उठलेल्या वृत्तपत्री गदारोळाचा त्याला संदर्भ आहे.

आता नादाविषयी. सामान्यतः बँड एकत्र बसून वाजवतो, आणि ड्रमचा ताल प्रथम मुद्रित करून त्यावर बाकीची वाद्ये चढवतात. लँगने हा क्रम उलटवला. यंत्राच्या ठोक्यावर प्रथम गिटारी आणि गळे मुद्रित झाले. ड्रमचे आघात सुटे सुटे नमुने म्हणून ‘फेअरलाइट’ या सिडनीत बनलेल्या संगणकात साठवले गेले आणि गाण्याची मांडणी निश्चित झाल्यावर अखेरीस एकेक करून जागी बसवले गेले. गिटारींसाठी त्याने मोठमोठे अ‍ॅम्प्लिफायर टाळून ‘रॉकमन’ नावाची कमरेला लावता येईल एवढी पेटी पुष्कळ ठिकाणी वापरली. ती बोस्टन बँडच्या टॉम शोल्ट्झ या अभियंत्याने बनवलेली. तिचा आवाज बारीक आणि नेमका असल्याने एकावर एक कितीही थर चढवले तरी चिखल होत नसे. त्याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. विद्युत् गिटारीचा स्वर फाटका करून वाजवला की, एकाच वेळी छेडलेल्या अनेक तारांचे स्वर परस्परांत मिसळून मूळ रचनेत नसलेले गढूळ स्वर निर्माण करतात. ते टाळण्यासाठी लँगने काही ठिकाणी एकाच स्वरसमूहातील प्रत्येक तार स्वतंत्रपणे वाजवून घेतली, स्वतंत्रपणे मुद्रित केली, आणि मग त्या एकत्र केल्या. गळ्यांचेही तसेच: समूहस्वराचे थरांवर थर, आणि त्यांत लँगचा स्वतःचा आवाज. ‘अ‍ॅनिमल’ हे एकच गाणे पुरे व्हायला तीनेक वर्षे लागली.

जकार्डच्या मागावर चादर विणताना पाहिलेल्या माणसाला हे सारे लगेच उमगते. तेथे उभ्या ताण्यातील धागे वेगवेगळ्या हुकांनी उचलले जातात. पुठ्ठ्याच्या पट्टीवर पाडलेल्या भोकांवरून ठरते की या क्षणी कोणता धागा वर जाईल आणि कोणता खाली राहील. धोटा बाणा टाकून निघून जातो, पुढची पट्टी येते, आणि माग चालवणाऱ्याला फूल कधीच एकदम दिसत नाही, दिसतात त्या केवळ एकापाठोपाठ एक येणाऱ्या ओळी. फूल त्या माणसाच्या डोक्यात आधीच पुरे झालेले असते ज्याने नक्षीचा कागद चौकटीचौकटीने भरला. लँग हा तो नक्षीवाला होता. क्लार्क आणि फिल कॉलन हे दोन गिटारवादक महिनोन्‌महिने, एकच सुटा स्वर पुन्हा पुन्हा वाजवत, न दिसणाऱ्या फुलासाठी धागा पुरवत राहिले. या मुद्रिकेला यांत्रिक म्हणून हिणवणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: ज्या यंत्राने आघाताला हातापासून सोडवले, त्याच यंत्राने हात गमावलेल्या अ‍ॅलनला आपल्या जागी परत बसवले.

अखेरचे गाणे मात्र दोनेक आठवड्यांत झाले. काम जवळजवळ संपले असता एलियट मधल्या सुट्टीत एक तुकडा छेडत बसला होता; लँगच्या कानी तो पडला आणि त्याने आग्रह धरला की हे घ्यायलाच हवे. ते ‘पोर सम शुगर ऑन मी’. इंग्लंडमध्ये ध्वनिमुद्रिका पहिल्याच आठवड्यात अग्रस्थानी गेली. अमेरिकेत मात्र ती रेंगाळली, आणि १९८८ च्या उन्हाळ्यात या गाण्याचे नवे चलच्चित्र एमटीव्हीवर दिवसरात्र फिरू लागल्यावर, म्हणजे प्रकाशनानंतर जवळजवळ वर्षभराने, जुलैत तेथेही पहिल्या क्रमांकावर चढली. ऑक्टोबरात ‘लव्ह बाइट्स’ हे संथ गाणे अमेरिकेच्या एकेरी गाण्यांच्या यादीत शिखरावर पोहोचले. बारा गाण्यांपैकी सात स्वतंत्रपणे निघाली. लँगचा आकडा पुरा झाला. जगभरचा खप दोन कोटींच्या पुढे गेला.

या मुद्रिकेचे दोषही मी लपवणार नाही. तिचे शब्द बहुतेक ठिकाणी दुबळे आहेत, आणि स्त्रीविषयी त्यांत जी दृष्टी आहे ती पोरसवदा आणि क्वचित हीन आहे. ‘विमेन’ हे पहिलेच गाणे आज ऐकताना संकोच होतो. उत्तरार्धातील एक-दोन गाणी आधीच्यांची सावली आहेत. परंतु ‘गॉड्स ऑफ वॉर’ या गाण्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके गेलेले नाही. साडेसहा मिनिटांची ती रचना, क्लार्कच्या दूरवरून येणाऱ्या गिटारीने उघडणारी, युद्धाविषयी आहे, आणि तिच्या अखेरीस रोनाल्ड रीगन आणि मार्गारेट थॅचर यांचे खरे आवाज ऐकू येतात. ज्यांच्या कारकिर्दीत शेफील्डच्या भट्ट्या विझल्या त्या पंतप्रधानांचा आवाज, शेफील्डच्याच पोरांनी, तोफांच्या गडगडाटात आणून ठेवला आहे. पंधराव्या वर्षी त्या आवाजाची धनीण कोण हे मला ठाऊक नव्हते.

आपल्या मुलखात या संगीताला कोणी जवाब दिला का, याचा शोध घेता एक नाव निश्चित घ्यावे लागते. १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड उभा राहिला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, जयेश गांधी, मार्क सेल्विन, झुबिन बालापोरिया आणि मार्क मेनेझिस ही त्यातली प्रसिद्ध नावे. परदेशी गाणी हुबेहूब वाजवली की श्रोते तृप्त होत, अशा काळात त्यांनी स्वतःची गाणी वाजवण्याचा हट्ट धरला, आणि ‘हिस्टीरिया’नंतर एकाच वर्षाने, १९८८ मध्ये, ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ ही स्वरचित इंग्रजी गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली; १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’. धोबी तलावाचे रंगभवन हे त्यांचे घरचे अंगण, आणि १९८६ पासून भरू लागलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा त्या पिढीचा मेळा. १९९३ मध्ये त्यांनी ‘इंडस क्रीड’ असे नामांतर केले, आणि ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चलच्चित्राला त्याच वर्षी एमटीव्हीचा आशियाचा प्रेक्षकपसंती पुरस्कार मिळाला. ज्या मुंबईत मुद्रणाची सारी व्यवस्था हिंदी चित्रपटासाठी उभारलेली होती आणि परदेशी वाद्यांवर जबर जकात होती, तेथे त्यांच्याजवळ लँगची तीन वर्षे नव्हती आणि लँगचा पैसा तर नव्हताच. त्यांच्या पहिल्या मुद्रिकेचा नाद त्यामुळे पातळ आहे. पण गाणी आपली आहेत. सोलापुरात त्यांची कॅसेट ऐकताना आम्हांला जो धीर आला, तो परक्या मुलखातली कोणतीही थोर कृती देऊ शकली नसती.

‘हिस्टीरिया’ आज पुन्हा ऐकायची तर कानाला लावायच्या चांगल्या यंत्रावर ऐकावी. फितीच्या खरखरीखाली जे दडले होते ते आता निवळले आहे: क्लार्क आणि कॉलन कोठेही एकच गोष्ट दोनदा वाजवत नाहीत; एक स्वरसमूह मोकळा सोडतो तेव्हा दुसरा त्याच्या फटीत तीन-चार सुटे स्वर ठेवतो, आणि मुद्रिकेच्याच नावाच्या गाण्यात हे इतक्या सहजतेने घडते की कोणता धागा कोणाचा ते निवडता येत नाही. मद्याच्या व्यसनाने खंगलेला स्टीव्ह क्लार्क ८ जानेवारी १९९१ रोजी, तीस वर्षांचा असताना, लंडनमधल्या आपल्या घरी मरण पावला. पुढची ध्वनिमुद्रिका ‘अ‍ॅड्रिनलाइझ’ १९९२ च्या मार्चअखेर निघाली. तिच्यासाठी कॉलनने क्लार्कच्या कच्च्या फिती ऐकून ऐकून त्याचे भाग बसवले, आणि दोघांच्या गिटारी त्याने एकट्याने वाजवल्या.